एचआयव्हीसोबत जगताना: गोळीची डबी, लोडचा रिपोर्ट आणि घरची माणसं

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की बहुतेकांच्या डोक्यात दोन प्रश्न एकदमच येतात. माझं काय होणार? आणि माझ्यामुळे घरच्यांना काही होईल का? दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. रोजची गोळी न चुकता घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तो तुमची प्रतिकारशक्ती पोखरू शकत नाही आणि लैंगिक संबंधातून जोडीदारापर्यंत पोचतही नाही. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा गोळीला आणि लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते सांगणाऱ्या, रिपोर्टला दिली आहे.

सुरुवात

खाजगी लॅबचा एकच रिपोर्ट हातात असेल तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणी करून घ्या. तिथे तीन वेगवेगळ्या किटवर रक्त तपासल्यावरच पॉझिटिव्ह म्हणतात, आणि पैसे लागत नाहीत. तो रिपोर्ट, आधार कार्ड आणि फोटो घेऊन एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीचं औषध (एआरटी) देणाऱ्या केंद्रात, नाव नोंदवायचं. २०१७ पासून भारतात सीडीफोर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असला तरी औषध सुरू करतात. 'अजून सीडीफोर चांगला आहे, नंतर बघू' हा सल्ला कोणी दिला तर तो जुना झाला आहे असं समजा.

पहिल्या भेटीत सीडीफोर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लिव्हर, साखर, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग यांच्या तपासण्या होतात. खोकला, ताप, वजन घटणं आणि रात्री घाम येणं हे चार प्रश्न टीबीसाठी विचारतात. त्यांना खरी उत्तरं द्या. लपलेला टीबी असताना एआरटी सुरू झाली की प्रतिकारशक्ती जागी होते आणि टीबीवर तुटून पडते. मग ताप चढतो, गाठी सुजतात, आणि माणूस म्हणतो, 'गोळ्या सुरू केल्या आणि जास्तच आजारी पडलो.' हे साधारण पहिल्या तीन महिन्यांत होतं, आणि अनेक जण औषध सोडतात ते नेमकं इथेच. अशा वेळी गोळी बंद न करता डॉक्टरांना गाठायचं. टीबी सापडला तर टीबीचं औषध आधी सुरू होतं आणि एआरटी साधारण दोन आठवड्यांत. टीबी मेंदूच्या आवरणाला असेल तर थोडं जास्त थांबतात. म्हणून जोराची डोकेदुखी, मान आखडणं किंवा उलट्या होत असतील तर गोळी सुरू व्हायच्या आधीच सांगा.

टीबी नसेल तर तो होऊ नये म्हणून औषध देतात: आयसोनियाझिड ३०० मिलिग्रॅम रोज सहा महिने, सोबत बी-६ ची गोळी, किंवा आठवड्यातून एकदा घ्यायचा बारा डोसांचा कोर्स. सीडीफोर ३५० च्या खाली असेल तर इतर संसर्ग टाळणारी कोट्रायमोक्साझोलची गोळीही रोज असते. ती सल्फाची आहे. अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले तर लगेच दाखवा.

गोळी

सध्या बहुतेक मोठ्या माणसांना टीएलडी मिळते: टेनोफोविर ३००, लॅमिव्ह्युडीन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. जेवणाआधी घ्या, जेवणानंतर घ्या, चालतं. एकादशी, नवरात्र, रमजान यांत गोळी बंद करायचं कारण नाही. उपवासाला ती घोटभर पाण्यासोबत चालते, आणि रोजा असेल तर सहेरीच्या किंवा इफ्तारच्या वेळेला बांधून टाका. जुन्या एफाव्हिरेंझच्या गोळीने गरगरायचं म्हणून ती रात्री झोपताना घ्यायची सवय लागली होती. टीएलडीचं उलट आहे. रात्री घेऊन झोप उडत असेल किंवा विचित्र स्वप्नं पडत असतील तर सकाळी घ्यायला लागा.

वेळ अशी निवडा जी सुट्टीच्या दिवशीही बदलत नाही. 'सकाळी आठ' ठरवणाऱ्याची रविवारी चुकते. सकाळच्या चहाबरोबर घेणाऱ्याची सहसा चुकत नाही, कारण चहा रविवारीही असतोच. चुकलीच तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीला चार तासांपेक्षा कमी उरले असतील तर ती सोडून द्या आणि पुढची नेहमीच्या वेळेला घ्या. दोन एकदम कधीच घ्यायच्या नाहीत.

सेंटरवर औषध देताना डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजतात, म्हणून रिकामी वाटणारी डबीही घेऊन जा. हिशोब सोपा आहे. ठरलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांच्या वर घ्यायच्या तर तीस गोळ्यांत एकच चुकलेली चालते. दोन चुकल्या की ९३ टक्के. मोजणीआधी उरलेल्या गोळ्या फेकून देणारे लोक असतात, त्यांना वाटतं ओरडा वाचला. पण लोड वाढला की डॉक्टर आधी औषधावरच संशय घेतात आणि चांगली चालणारी गोळी बदलायची वेळ येते. चुकल्या तर सांगा. का चुकल्या हे समुपदेशकाला कळलं तरच काही उपाय निघतो.

डबीबद्दल एक. घरात कोणाला कळू नये म्हणून गोळ्या प्लॅस्टिकच्या पुडीत किंवा दुसऱ्या औषधाच्या बाटलीत भरून ठेवतात. मूळ डबीत ओलावा शोषणारी पुडी असते, ती टाकू नका. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या पुडीतल्या गोळ्या ओल धरतात. लपवायचंच असेल तर डबीवरचं लेबल काढा, गोळ्या मात्र डबीतच राहू द्या. सवयीसाठी आठवड्याच्या खणांचा डबा वापरत असाल तर त्यात सात दिवसांच्याच भरा. पिशवीत किंवा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये दोन-तीन गोळ्या जास्तीच्या असाव्यात, म्हणजे रात्री गाडी चुकली तरी गोळी चुकत नाही.

आता दुसऱ्या औषधांशी भांडण. अॅसिडिटीवरच्या डायजीन, जेलुसिल अशा गोळ्या-सिरपात अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं. ते पोटात डोल्युटेग्राविरला धरून ठेवतं आणि गोळी रक्तात नीट उतरत नाही. म्हणून एआरटीची गोळी त्याआधी दोन तास किंवा त्यानंतर सहा तासांनी. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच लागू, फक्त पोटभर जेवणासोबत त्या आणि ही गोळी एकत्र घेतलेली चालते. गरोदर बाईला दवाखान्यात या दोन्ही गोळ्या हमखास मिळतात आणि ही गोष्ट तिला सांगायची राहून जाते. मधुमेहाची मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन या गोळीची ताकद कमी करतात. टीबीच्या रिफाम्पिसिननेही तेच होतं, म्हणून तेव्हा डोल्युटेग्राविर ५० ची आणखी एक गोळी बारा तासांनी देतात. ती मिळाली नसेल तर मागून घ्या. गुडघे-कंबर दुखली की डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं महिनोन्‌महिने घ्यायची सवय सोडा. टेनोफोविर मूत्रपिंडातून जातं, दोघांचा भार एकाच ठिकाणी पडतो.

गोळी सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन किंचित वर गेलेलं दिसतं. बऱ्याचदा ते मूत्रपिंड बिघडल्याचं लक्षण नसतं. डोल्युटेग्राविरमुळे क्रिएटिनिन लघवीतून थोडं कमी बाहेर पडतं एवढंच. ते एका पातळीवर थांबलं तर ठीक, वाढतच राहिलं तर बघायला हवं. वजनही वाढतं. आधी खूप घटलं असेल तर ते हवंच असतं, नंतरही चढत राहिलं तर साखर आणि रक्तदाब तपासत राहा.

कावीळ बी असलेल्यांनी तर गोळी मनाने मुळीच बंद करू नये. टीएलडीतली दोन औषधं कावीळ बी देखील दाबून ठेवतात. ती एकदम काढली की लिव्हरला जोरात सूज येऊ शकते.

'एचआयव्ही मुळापासून बरा करतो' म्हणून विकली जाणारी भस्मं आणि काढे सगळीकडे आहेत. औषधांच्या नियमांतल्या अनुसूची जे मध्ये ज्या आजारांवर औषध बरं करतं असा दावा करायला बंदी आहे, त्यांत एड्स आहे. सेंटरवर फुकट मिळणारी गोळी थांबवून हजारोंचा काढा पिणारे वर्षा-दोन वर्षांनी सीडीफोर पन्नासवर आलेला असताना परत येतात.

लोडचा रिपोर्ट कसा वाचायचा

व्हायरल लोडची तपासणी औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा होते. सेंटरवर फुकट असते. तारीख उलटून गेली तर आपणच विचारा, गर्दीच्या ओपीडीत राहून जातं.

रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' लिहिलेलं असेल किंवा 'ज्याच्या खाली मोजता येत नाही' असा आकडा असेल, तर उत्तम. तो आकडा मशीनप्रमाणे २०, ४० असा बदलतो. या वर्षी ४० च्या खाली आणि मागच्या वर्षी २० च्या खाली म्हणजे लोड वाढला असं नाही, मशीन वेगळं. एकदाच ८०-१०० आला आणि पुढच्या वेळी पुन्हा खाली गेला तर त्यालाही घाबरायचं नाही. औषध बदलायचा विचार १००० ला सुरू होतो. लोड त्याच्या वर गेला तर गोळी नीट घेण्यावर समुपदेशन करून साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. तेव्हाही वरच राहिला तर तज्ज्ञांकडे पाठवून दुसऱ्या फळीच्या औषधांचा विचार होतो. सीडीफोरवरून औषध काम करतंय का ते ठरवू नका. साध्या तापानेही तो खालीवर होतो.

जोडीदाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा २०० आहे. लोड २०० च्या खाली आला, तसाच टिकून राहिला आणि गोळी रोज चालू आहे, तर लैंगिक संबंधातून विषाणू जात नाही. हे नुसत्या आशेवर म्हटलेलं नाही. एकाला एचआयव्ही आहे आणि एकाला नाही अशा १७६३ जोडप्यांवर नऊ देशांत अभ्यास झाला. त्यात पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतलीही जोडपी होती. २०११ मध्ये निष्कर्ष आला की लवकर औषध सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. पुढे युरोपात कंडोमशिवाय संबंध ठेवणाऱ्या जोडप्यांवर पार्टनर नावाचे दोन अभ्यास झाले. त्यांत लोड दबलेल्या जोडीदाराकडून झालेली लागण शून्य.

पण या शून्याच्या चार अटी आहेत. औषध सुरू करून निदान सहा महिने झालेले हवेत. लोड कागदावर दिसायला हवा, 'बरं वाटतंय' हा पुरावा नाही. गोळी मधेच थांबली की दोन-तीन आठवड्यांत लोड परत चढतो, त्यामुळे गोळ्या चुकलेल्या महिन्यात कंडोम वापरा. आणि हे सगळं लैंगिक संबंधापुरतं आहे. वाटून घेतलेली सुई-सिरिंज, रक्तदान आणि स्तनपान यांना हा नियम लागू नाही. लोड कितीही कमी असला तरी रक्तदान करायचं नाही.

कंडोम, आणि तो फाटला तर

लोड दबलेला असतानाही कंडोमचा उपयोग राहतोच, सिफिलिस, गोनोरियासारख्या आजारांसाठी आणि नको असलेल्या गर्भासाठी. एआरटी सेंटर आणि आयसीटीसीत तो फुकट मिळतो. तो फाटण्याची कारणं ठरलेली आहेत: दुचाकीच्या डिकीत किंवा पाकिटात उन्हातान्हात राहिलेला, दाताने पाकीट फाडलेला, टोकाला हवा अडकलेली, आणि खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावलेलं. तेलाने लेटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं. पाण्यावर आधारलेलं जेलच वापरा. तारीख बघा, टोक चिमटीत धरून ताठ लिंगावर मुळापर्यंत उलगडा, आणि संबंधानंतर लिंग ताठ असतानाच कंडोमची कड धरून बाहेर काढा. एकावर एक दोन चढवू नका, घासून दोन्ही फाटतात.

लोड अजून दबलेला नाही आणि कंडोम फाटला, तर जोडीदाराला ७२ तासांच्या आत औषध सुरू व्हायला हवं. जितकं लवकर तितकं चांगलं, दोन तासांत झालं तर उत्तम. योनीत किंवा गुदद्वारात पाण्याचा मारा करून धुऊ नका, नाजूक त्वचा सोलवटते. बाहेरून साध्या पाण्याने धुवा आणि सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. रविवार, सणाची सुट्टी असली तरी एआरटी सेंटर उघडायची वाट बघू नका. कोर्स २८ दिवसांचा असतो, आणि बरं वाटतंय म्हणून विसाव्या दिवशी सोडला तर केलेलं सगळं फुकट जातं.

तुमचा लोड दबेपर्यंतचे पहिले सहा महिने जोडीदाराला रोजची प्रतिबंधक गोळी, म्हणजे प्रेप, घेता येते. आधी त्याची किंवा तिची एचआयव्ही आणि क्रिएटिनिन तपासणी झालेली हवी. जोडीदाराची एचआयव्ही तपासणी आत्ता, तीन महिन्यांनी आणि मग दर सहा महिन्यांनी.

घरात बाकी काही वेगळं करायची गरज नाही. ताटवाटी, संडास, पांघरूण, मुलांची पापी, डास, यांतून एचआयव्ही होत नाही. वेगळं ठेवायचं ते फक्त दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि इन्सुलिनची सुई. रक्त सांडलं तर हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून कापडाने टिपा, मग त्या जागेवर ब्लीचचं पाणी ओतून दहा-वीस मिनिटांनी पुसा.

बाळ

गरोदरपणी टीएलडी चालू ठेवायची. एचआयव्ही गरोदरपणातच कळला तर त्याच दिवशी सुरू करायची. लोडची तपासणी बत्तीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान होते, कारण बाळाला एक औषध द्यायचं की दोन ते त्यावर ठरतं. धोका कमी असेल तर बाळाला सहा आठवडे एक सिरप. लोड जास्त असेल किंवा आईने उशिरा औषध सुरू केलं असेल तर दोन सिरप, आणि अंगावर पाजत असेल तर बारा आठवडे. दवाखान्यात बाळंतपण झालं तरच हे पहिल्या काही तासांत सुरू होतं.

अंगावर पाजायचं ठरलं तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं. आजीला हे पटवणं सगळ्यात अवघड. बाळगुटी, मध, ग्राइप वॉटर, चमचाभर पाणी, काहीच नाही. वरच्या दुधाने आणि गुटीने आतड्याचं आतलं अस्तर दुखावतं आणि आईच्या दुधातला विषाणू तिथून आत शिरायला वाव मिळतो. म्हणून अर्धं वरचं, अर्धं अंगावरचं हे सगळ्यात वाईट. वरचंच दूध द्यायचं ठरवलं तर पूर्ण वरचं, आणि तेही स्वच्छ पाणी, इंधन आणि पैसा रोज पुरणार असेल तरच. सहाव्या आठवड्यापासून बाळाला कोट्रायमोक्साझोलचं सिरप आणि टाचेच्या रक्ताची पहिली तपासणी. मग सहा, बारा आणि अठरा महिन्यांना. पहिली निगेटिव्ह आली म्हणून बाकीच्या सोडायच्या नाहीत.

बायकांसाठी अजून एक. एचआयव्ही असताना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका साधारण सहा पट असतो. वर्षातून एकदा तपासणी मागून घ्या. दोन मिनिटांची असते.

सांगायचं कोणाला

जोडीदाराला सांगणं भाग आहे. एकट्याने जमत नसेल तर आयसीटीसीच्या समुपदेशकासमोर दोघांना बसवून सांगता येतं. मारहाणीची किंवा घराबाहेर काढण्याची भीती असेल तर ते समुपदेशकाला आधी सांगा, कारण अशा परिस्थितीत बाईच्या जोडीदाराला डॉक्टरही परस्पर कळवू शकत नाहीत. बाकी कोणाला सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची सक्ती, त्यावरून कामावरून काढणं, शाळेत प्रवेश नाकारणं, ऑपरेशन टाळणं, तुमच्या संमतीशिवाय इतरांना सांगणं, हे सगळं त्याने बंद केलं. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, आणि रुग्णालयात वीसवर, तक्रार अधिकारी असायलाच हवा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर राज्याच्या लोकपालाकडे जाता येतं. काही विचारायचं असेल तर १०९७ ही हेल्पलाइन फुकट आहे आणि नाव सांगावं लागत नाही.

गाव बदलताना

गणपती-दिवाळीला गावी जाताना परतीच्या तारखेपेक्षा आठवडाभर जास्तीच्या गोळ्या घ्या. तब्येत स्थिर असेल आणि लोड दबलेला असेल तर सेंटर एकदम तीन महिन्यांचंही औषध देतं. एआरटी सेंटरने दिलेलं हिरवं नोंदीचं पुस्तक सोबत ठेवा आणि त्याच्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये. गोळ्या संपल्या तर ते दाखवून दुसऱ्या कोणत्याही एआरटी सेंटरवर तात्पुरत्या मिळतात. ऊसतोडीला किंवा कामाला सहा-सहा महिने बाहेर जाणार असाल तर निघण्याआधी रीतसर बदली मागा. नवीन ठिकाणी पोचलात की पहिल्याच आठवड्यात जा, गोळ्या संपायची वाट बघू नका. आणि जुन्या सेंटरला फोन करून नाव तिकडे चढलं का ते विचारा. नाहीतर त्यांच्या यादीत तुम्ही औषध सोडलेले म्हणून राहता आणि कार्यकर्ता चौकशी करत गावातल्या घरी येऊन उभा राहतो.